नमुना उत्तरं

माझ्या क्लासचा मुलगा नापास झाला तर तो स्वतःच्या हिमतीवर होतो. माझी त्यात काही चूक नसते. घराच्या पुढच्या खोलीत मी शिकवणी चालवते. वडिलांनी सुरू केली, त्यांच्यामागे मी ओढली. भिंतीवर फळा, दोन लांब बाकं, एक माझी खुर्ची आणि दाराशी पोरांच्या बुटांचा ढीग. पद्धत सोपी आहे. प्रश्न ठरलेले येतात, उत्तरं ठरलेली असतात, ती खडान्खडा पाठ करायची आणि परीक्षेच्या खोलीत गेल्यावर डोकं चालवायचं नाही. डोकं चालवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचे आईबाप नंतर माझ्यासमोर बसून डोळे पुसतात.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते ऐकून कुणालाही वाटेल की बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चांगलं ठिकाणावर होतं. मी तेव्हाही तेच केलं जे मला येतं.

माझा धाकटा भाऊ बाळ. चाळिशी कधीच उलटली, कपाळावरचे केस मागे सरकले, तरी घरात बाळच. त्याचं बोलणं लहानपणापासून जरा आडवाटेने जायचं. विशीत आल्यावर त्याने वाटच सोडली. त्याला विचारलं, "दूध आलं का रे?" तर तो म्हणणार, "दूध आलं, पण ते गुरुवारचं आहे, गुरुवारला कोपरे असतात, म्हणून मी ते पातेल्यात नाही ओतलं, पातेल्याला राग येतो, राग, आग, जाग, मग मी जागाच राहिलो." म्हणजे दूध आलेलं असायचं. काही शब्द तो स्वतःच तयार करायचा. पडद्याला म्हणायचा उजेडखाऊ. मी वर्गात चिडले की त्याला म्हणायचा खडूताप. कधी बोलता बोलता वाक्य मधेच तुटायचं आणि तो घास हातात धरून बसून राहायचा. पुढचा शब्द त्याच्या तोंडातून कुणी काढून नेलाय असा चेहरा करून.

ऐकायला गंमत वाटते. लोक हसायचेही. चोवीस तास घरात ऐकून पाहा, मग हसा.

गेल्या वर्षी गंमत संपली. माझ्या क्लासची पोरं दप्तरात त्याचे शब्द भरून नेतात, असं त्याच्या डोक्यात बसलं. पोरं निघाली की तो दारात आडवा उभा राहायचा. मग त्याने जेवण सोडलं, झोप सोडली. एका दुपारी न्हाणीघरात शिरून त्याने आतून कडी घातली, नळ सोडला आणि आवाज फाटेपर्यंत ओरडत राहिला. शेजाऱ्याने खांदा लावून दार तोडलं. मी बाहेर उभी होते. त्या दिवशी मला माझ्या भावाची भीती वाटली, आणि भीती वाटली याची लाज वाटली. खोटं कशाला बोलू.

त्याला गावाबाहेरच्या मानसोपचार केंद्रात ठेवलं. तिथल्या औषधांनी गुण आला. ओरडणं गेलं, झोप परत आली, अंगावर थोडं मांस चढलं. बोलणं मात्र तसंच राहिलं, फक्त सावकाश.

आणि घर शांत झालं. मला वाटलं होतं, जरा बरं वाटेल. दोन आठवडे वाटलंही. मग एकदा सकाळी उठून मी रिकाम्या स्वयंपाकघराला विचारलं, दूध आलं का रे, आणि तिथे नुसतं दूध होतं. मी ओट्याला टेकून रडले. मला तो घरी हवा होता. पुढचं सगळं मी त्यासाठी केलं.

दर रविवारी मी केंद्रात जायची. मोठे डॉक्टर फाइलमधून मान वर न काढता बोलतात. त्यांनी एका रविवारी सांगितलं, "प्रगती चांगली आहे. पुढच्या महिन्यात घरी सोडायचं बघू."

"म्हणजे सोडणार ना?"

"बघू म्हटलं ना."

मी बाहेर आले तर व्हरांड्यात गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेली एक मुलगी माझी वाट बघत उभी. विद्यापीठातून आलेली, शब्दांवर संशोधन करणारी. नाव सांगितलं तिने, पण माझ्या मनात ती तेव्हापासून घड्याळवालीच.

"मॅडम, तुमच्या भावाची एक छोटीशी चाचणी घ्यायची आहे," ती म्हणाली. "त्यांनी होकार दिलाय, तुमची फक्त सही हवी. मी एक शब्द म्हणणार, त्यांनी मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा."

"किती मार्कांची?"

"मार्क नसतात."

"मग पास-नापास कसं ठरतं?"

"तसं काहीच नसतं. एका शब्दावरून माणूस कुठल्या शब्दावर जातो, एवढंच बघायचं. बहुतेक लोक जवळच्या शब्दावर जातात. काही जण लांब जातात."

"लांब गेलेलं चालतं का?"

"चालणं-न चालणं असं काही नाही हो," ती हसून म्हणाली.

परीक्षा घेणारे सगळे हेच म्हणतात. उगाच टेन्शन घेऊ नका, फक्त अंदाज घ्यायचाय. मग निकाल लागतो. मी सही केली आणि मनाशी जुळवलं: इकडे डॉक्टर म्हणतात बघू, आणि तिकडे लगेच परीक्षा. आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि मी तर कधी कुणाला तयारीशिवाय परीक्षेला बसवलेलं नाही.

पहिली गोष्ट, प्रश्न काय येतात ते काढायचं. भेटीच्या वेळी व्हरांड्यातल्या बाकावर जे बसलेले असत त्यांना मी विचारायला लागले. चाचणी देऊन आलेले एक आजोबा होते. त्यांना निम्मे शब्द तोंडपाठ होते. त्यांनी ते सांगितले आणि वर प्रत्येक शब्दावर आपण काय म्हणालो तेही सांगितलं. ते मी लक्षात ठेवलं नाही, कारण ते आजोबा अजून आतच होते.

मग उत्तरं. बरोबर उत्तर म्हणजे बहुतेक लोक देतात ते, असं घड्याळवालीच बोलून गेली होती. बहुतेक लोक माझ्याकडे रोज संध्याकाळी बुटांचा ढीग करून बसतात. मी वर्गात जाहीर केलं, आज सामान्यज्ञान. मी शब्द म्हणणार, पहिलं सुचेल ते लिहा, शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका. खुर्चीवर जवळजवळ सगळ्यांनी टेबल लिहिलं. नदीवर पाणी. सुईवर दोरा. अंधार म्हटल्यावर निम्म्यांनी उजेड लिहिलं आणि निम्म्यांनी भीती. मी उजेड घेतलं. केंद्रात बसून कुणी भीती म्हणावं असं मला वाटलं नाही. आईवर सगळ्यांनी बाबा लिहिलं, एकाने कटकट लिहिलं. त्याच्या आईला मी ओळखते, त्यामुळे काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी केंद्राच्या बागेतल्या बाकावर आमची शिकवणी सुरू झाली.

"खुर्ची," मी म्हणाले.

"मंगळवार," बाळ म्हणाला.

"टेबल."

"टेबलावर मंगळवार बसत नाही."

"कुणीच बसायचं नाही. खुर्ची म्हटलं की टेबल म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"का?"

"घरी यायचंय ना?"

तो जरा पुढे सरकला. "घर," तो म्हणाला. "घर म्हणजे दार, आणि दार म्हणजे..."

"दार! शाब्बास. घर म्हटलं की दार. हे तुला येतंय की."

तो पुढे काहीतरी म्हणणार होता. त्याचा हातही वर आला होता. पण उत्तर बरोबर आलं की थांबायचं, असा माझ्याकडे नियम आहे, नाहीतर पोरं पुढे लिहीत सुटतात आणि मार्क घालवतात. मी म्हणाले, "नदी."

"बहिणी."

"पाणी."

"पाणी एकटं जाईल का? रस्ता चुकेल. सोबत कुणी नको?"

"बाळ, पाणी."

"पाणी," तो म्हणाला.

माझ्या नाकी नऊ आले, पण मी सोडलं नाही. बाळ हुशार आहे. हे कुणाला खरं वाटत नाही, कारण त्याची हुशारी कधी उत्तरपत्रिकेत मावली नाही. एकदा धरल्यावर त्याने ते शब्द असे घोटले की मी मधेच उलटसुलट विचारलं तरी चुकेना. सुई? दोरा. अंधार? उजेड. डॉक्टर? औषध. मी म्हणायचा अवकाश, की त्याचं उत्तर हजर. एका रविवारी त्याने मला विचारलं, "आणि जे येतात त्यांचं काय करू?"

"कोण येतात?"

"मधले. टेबलाच्या आधी येतात ते."

"मनात ठेव," मी म्हणाले. "बाहेर काढू नकोस. परीक्षेत तर नाहीच, इतर वेळीही नाही. सवय लागली पाहिजे."

त्याने मान डोलावली. शहाण्या मुलासारखी डोलावली, आणि मला फार बरं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आतून घड्याळवालीचा आवाज यायचा आणि लगेच बाळचा, न अडखळता. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा गोंधळलेला होता. पेपर अपेक्षेपेक्षा चांगला निघाला की परीक्षकांचा असाच होतो. मी विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "छान बोलले," आणि घाईघाईने निघून गेली. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी बाळला घरी सोडलं. मी मनातल्या मनात माझ्या निकालाच्या फलकावर त्याचं नाव लावलं, सगळ्यात वर.

पहिले काही दिवस मी हवेतच होते. मी म्हणायची, "जेवायला चल," तो म्हणायचा, "ताट," आणि येऊन बसायचा. मी म्हणायची, "आभाळ भरून आलंय," तो म्हणायचा, "छत्री." कुठे गुरुवार नाही, कुठे कोपरे नाहीत. औषध वेळेवर, झोप वेळेवर. शेजारणी येऊन गेल्या आणि म्हणाल्या, किती सुधारला हो! मी म्हणाले, थोडी मेहनत घ्यावी लागते.

मग माझ्या लक्षात यायला लागलं की तो याशिवाय काहीच बोलत नाही. मी विचारलं तर एक शब्द, नाही विचारलं तर तेवढाही नाही. मी खोलीत गेले की तो उठून उभा राहायचा, हात बाजूला सरळ. एकदा त्याला मीठ हवं होतं तर म्हणाला, "मॅडम, मीठ." मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही. तेव्हापासून मी मॅडमच. ताई म्हणायचा तो मला, बोलायला लागल्यापासून. शब्दांची कितीही चाळण झाली तरी तेवढा एक जागेवरून हलला नव्हता.

एका संध्याकाळी पोरं गेल्यावर मी त्याच्याजवळ बसले.

"बाळ, बरं वाटतंय ना?"

"औषध," तो म्हणाला.

"औषधाचं नाही विचारत. तुला कसं वाटतंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शिकवलेलं सगळं तो आतल्या आत चाळत होता, मला दिसत होतं. हा प्रश्न आम्ही केलेलाच नव्हता. त्याच्या कपाळाला घाम आला. पेपरात भलतंच आलं की पोरांना येतो तसा.

"टेबल," तो शेवटी म्हणाला.

मी त्याला म्हणाले, ठीक आहे, झोप आता. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर काही दिवसांनी स्वयंपाकघरातल्या बेसिनखालचा पाइप गळायला लागला. प्लंबर आला तेव्हा माझा वर्ग चालू होता. त्याला आत पाठवून मी पोरांना निबंध घातला. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठले आणि बोळातच थबकले. आत बाळ बोलत होता.

"पाइपाला वळण असतं म्हणून त्याला पश्चात्ताप होतो," तो म्हणत होता. "सरळ पाइपाला काही होत नाही, होत नाही, ओत नाही, तो नुसता जातो. वळणावर पाणी मागे बघतं. मागे बघितलं की थेंब पडतो. आमच्या वडिलांचंही तसंच होतं, त्यांच्या कोटाला वळण होतं."

"हं," प्लंबर बेसिनखालून म्हणाला. "तो पाना द्या."

"हा?"

"त्याच्या शेजारचा."

बाळने पाना दिला. "पश्चात्तापच आहे ना?"

"नाही. वॉशर गेलाय."

"कुठे गेला?"

"झिजला."

"झिजून कुठे गेला?"

प्लंबरचा हात थांबला. त्याने खरोखर विचार केला असावा. "ते काही मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी फक्त नवीन बसवतो."

"ओलसुटका," बाळ म्हणाला, आणि दोघंही गप्प झाले. कामातली माणसं होतात तसे.

मी बोळात भिंतीला धरून उभी होते. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, तो प्लंबरचा. त्याला बेसिनखाली डोकं घालून, हं हं करून, ते सगळं मिळत होतं. मी आत गेले. बाळ ताडकन उभा राहिला. हात बाजूला सरळ, तोंडाला कुलूप.

"काय चाललंय?" मी शक्य तेवढ्या गोड आवाजात विचारलं.

"काम," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी देऊन मी विद्यापीठात गेले. घड्याळवालीची खोली जिन्याखाली होती. टेबलावर कागदांचे गठ्ठे, खिडकीत सुकलेलं एक रोप. मला बघून ती दचकली नाही. उलट म्हणाली, "बसा मॅडम. मला वाटलंच होतं, तुम्ही कधीतरी याल."

"म्हणजे?"

"तुमच्या भावाची नोंद मला वगळावी लागली. चांगल्याभल्या माणसांचीही काही उत्तरं कुठल्या कुठे जातात. खुर्ची म्हटलं की कुणी आजीचं नाव घेतं, कुणी दातदुखी म्हणतं. इतकं सरळ कुणीच नसतं. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता. मी विचारलं, अजून काही म्हणायचंय का? तर म्हणाले, ते मनातलं आहे, ते काढायला मॅडमनी मनाई केली आहे."

माझी मान खाली गेली. कॉपी करताना माझी पोरं सापडतात, त्यांची जाते तशी.

"पण घरी तर सोडलं," मी म्हणाले.

"त्याचा याच्याशी काय संबंध? ही चाचणी माझ्या अभ्यासापुरती होती. एकेकट्या माणसाबद्दल ती काही ठरवूच शकत नाही. ते झोपतात, औषध घेतात, आणि घरी तुम्ही आहात, म्हणून सोडलं. डॉक्टरांचं आधीच ठरलं होतं. त्यांना तोंडभर बोलायची सवय नाही, एवढंच."

मी त्या रोपाचं एक सुकलेलं पान खुडलं. मग विचारलं, "तो पुन्हा तसं बोलायला लागला, तर आजार उलटला असं होईल का?"

"झोप गेली, जेवण सुटलं, कुणाची भीती वाटायला लागली, तर त्याच दिवशी घेऊन या. नुसते लांबचे शब्द आले तर..." तिने खांदे उडवले. "ऐका."

"आता जे शिकवलंय ते विसरायला कसं लावायचं?"

"ते तुम्हाला माहीत असणार ना," ती म्हणाली. "शिक्षिका तुम्ही आहात."

मला माहीत नव्हतं. आजवर माझ्याकडे कुणी विसरायला आलेलं नाही, ते पोरं घरी जाऊन फुकटात करतात. घरी येऊन मी बाळसमोर बसले आणि त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, "बाळ, ऐक. परीक्षा संपली."

"सुट्टी," तो म्हणाला.

माझ्या क्लासच्या एकूण एक पोरांनी त्यावर हेच लिहिलं असतं.

मी त्याला परोपरीने सांगून पाहिलं. म्हणाले, तुला येईल ते बोल, कसंही बोल, मी काही म्हणणार नाही. तो मान डोलवत राहिला. परीक्षेच्या आधीही मी असंच सगळ्यांना सांगते, मोकळेपणाने लिहा, आणि मग लाल पेन काढते. त्याने वर्षानुवर्षं आतल्या खोलीतून ते ऐकलेलं होतं. तो का विश्वास ठेवेल?

चार दिवस गेले. मग एका दुपारी, पोरं यायच्या आधी, मी त्याला पुढच्या खोलीत नेलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर तो कधी बसला नव्हता. मी समोर बाकावर बसले. बाक किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं, गुडघे कुठे घालायचे तेच समजेना.

"आता तू विचार," मी म्हणाले. "मी उत्तर देते."

तो फळ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, तो "प्रश्न" म्हणेल, किंवा "उत्तर". पण बऱ्याच वेळाने, अगदी हळू, त्याने विचारलं, "भिंत?"

"घर," मी म्हणाले.

"दुपार?"

"झोप."

"बटण?"

"शर्ट."

तो थांबला. खुर्चीतून जरा पुढे वाकून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. परीक्षकासारखं नाही. आजाऱ्याकडे पाहतात तसं.

"हे बरोबर आहे," तो म्हणाला. "पण तुला काय आलं?"

तो एका दमात पूर्ण वाक्य बोलला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं, कारण मी उत्तर शोधत होते. बटण. शर्ट. त्याच्या आधी काही आलं होतं का? मी आत डोकावून पाहिलं. काही नव्हतं. बटणावर शर्ट, शर्टावर इस्त्री, सगळे शब्द ठरल्या जागी हात बांधून बसलेले. मला एकाएकी भीती वाटली. बाळच्या डोक्यात गर्दी आहे म्हणून मी जन्मभर त्याची काळजी केली, आणि माझ्या डोक्यात कुणीच नव्हतं.

"काही नाही आलं," मी म्हणाले.

"बघ नीट. येतं. घाई नाही." त्याने थोडा विचार केला. "साबण?"

अंघोळ, असं तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. मग बाकावर, गुडघे अवघडलेली मी, मोठी बहीण, या खोलीतली बाई, डोळे मिटून बसले. आणि कुठून कोण जाणे, एक शब्द आला. इतका बिनबुडाचा, की सांगायला लाज वाटली.

"टेलिफोन," मी म्हणाले.

बाळने मान हलवली. त्याला काडीचंही नवल वाटलं नाही.

"असणारच," तो म्हणाला. "दोन्ही कानाला लागतात. पण साबणावर बोललं की पलीकडचं माणूस ओलं होतं, म्हणून लोक थोडक्यात बोलतात, थोडक्यात, फडक्यात, फडक्यात गुंडाळून ठेवतात. तू माझ्याशी इतके दिवस फडक्यातून बोलत होतीस, ताई. मला ऐकू यायचं, पण कोरडं."

तो बोलत राहिला. केंद्रातल्या बागेबद्दल, तिथल्या बाकाला असलेल्या पाठदुखीबद्दल, वडिलांच्या कोटाबद्दल, एका रविवारबद्दल जो येऊन दारातच उभा राहिला होता आणि आत आलाच नव्हता. त्यातलं मला फार थोडं कळलं. कळलं तेवढ्यात मी बऱ्याच ठिकाणी होते. बाहेर पोरं जमायला लागली होती, बूट काढायचे आवाज येत होते. मी उठून दाराला आतून कडी घातली आणि पुन्हा बाकावर येऊन बसले.

मधेच तो म्हणाला, "मग ते शब्द मला भेटायला आली."

"आले," मी म्हणाले.

सवय. तोंडातून निघून गेलं. तो थांबला. त्याचे ओठ मिटले, माझ्याकडे पाहत तो क्षणभर तसाच बसला, आणि मला वाटलं, गेलं सगळं, आता हा उठून उभा राहणार.

"आली," बाळ ठासून म्हणाला, आणि पुढे बोलू लागला.